जुनी लोडर क्रेन घेऊन दुरुस्त करायची आहे, नेमकं काय बघू?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. आमची वीज ठेकेदारी आहे, सांगली-तासगाव-कवठेमहांकाळ या पट्ट्यात. पोल उभे करणं, शेतीपंपांच्या डीप्या बसवणं, जळालेला ट्रान्सफॉर्मर उतरवून दुसरा चढवणं. आजवर हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) भाड्यानं आणतोय. तिचं काम अर्ध्या तासाचं, भाडं दिवसभराचं, आणि माल आणायला ट्रक वेगळा तो वेगळाच. त्यामुळे आमच्याच दोन एक्सलच्या ट्रकवर केबिनमागं घडी होऊन बसणारी लोडर क्रेन लावायचं ठरलंय. नवी परवडत नाही.

दोन जुन्या बघून ठेवल्यात. दोन्ही युरोपीय बनावटीच्या, साधारण १० टन-मीटरच्या (वजन गुणिले अंतर). एक कळंबोलीला आहे. ताजा पिवळा रंग, चालवून दाखवली, सगळं झकास हलतंय. दुसरी इचलकरंजीजवळ एका यार्डात उघड्यावर पडून आहे. रॉडला गंज, दोन ठिकाणी तेल गळतंय, एक जॅक (ट्रकला आधार देणारा बाजूचा पाय) आत जातच नाही. किंमत पहिलीच्या निम्म्याहून कमी. घरचे म्हणतात पहिली घे आणि सोमवारी कामाला लाव. मला मात्र दुसरी सोडवत नाही, कारण तिच्यावर कंपनीचा मूळ रंग आहे आणि लोड चार्टची पाटी जागेवर शाबूत आहे. पाटीवर ४ मीटरला २.४ टन, ६ मीटरला १.५५ आणि ८ मीटरला १.१ टन लिहिलंय.

जाणकारांनी सांगावं, बघायला जाताना काय काय तपासायचं?

सीलकिट

भोसरीत सिलिंडर दुरुस्तीचं काम करतो, म्हणून अधिकारानं लिहितोय. दादा, गळणाऱ्या तेलाला अजिबात घाबरू नका. सील, होज, पंप, बँक व्हॉल्व्ह (लिव्हरांचा व्हॉल्व्ह-गट) हे सगळं बदलता येतं आणि त्याचा खर्च आधी काढता येतो. पैसे मोजायचे ते बूम, कॉलम आणि बेसच्या पोलादाचे. तिथं तडा गेला असेल तर बाकी सगळं नवंकोरं असूनही उपयोग नाही.

ताजा रंग दिसला की मी आधी विचारतो, कशासाठी मारलाय? बूमच्या खालच्या पट्टीवर, पहिली आणि दुसरी बूम जिथं जोडली जाते त्या कानांच्या मुळाशी आणि कॉलम बेसमध्ये शिरतो तिथं वायर ब्रशनं रंग काढून बघू द्या म्हणा. सोबत लाल डाय-पेनिट्रंटचे तीन डबे न्या: क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. पुसून पांढरा फवारा मारला की तडा असेल तिथं लाल रेघ उमटते, केसाएवढीसुद्धा. मालक नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

उद्यमनगरी

वरच्याला पूर्ण अनुमोदन. कोल्हापुरात लेथ आणि बोअरिंगचं काम करतो, त्यामुळे पिना-बुशांचं मी सांगतो.

बूमचं टोक हातानं वर-खाली आणि आडवं हलवून बघा. आडवा खेळ दोन ठिकाणी असू शकतो: फिरवायच्या रॅक-पिनियनमध्ये, नाहीतर कॉलमच्या बुशात. मुळाशी एक मिलिमीटर सैल असेल तर आठ मीटरवर तो हात-दीड हात झोकांडा देत नाही, पण ट्रान्सफॉर्मर डीपीच्या चॅनेलवर बोल्टाच्या भोकात बसवताना जीव काढतो. बेसच्या खाली ड्रेन प्लग असतो. तो सोडून वाटीभर तेल काढा. दुधासारखं पांढरट निघालं तर आत पाणी शिरलंय. रॅक त्याच तेलात बुडालेला असतो. तेलाबरोबर चकाकणारे कण आले तर बेस उघडल्याशिवाय भाव ठरवू नका.

पिना बघताना एक बारकावा. पुष्कळांनी झिजलेली पिन काढून बाजारातला साधा माइल्ड स्टीलचा गोल बार घासून घातलेला असतो. कानशीचं टोक पिनेच्या कडेवर ओढा. इंडक्शन हार्डनिंग केलेल्या पिनेवर कानस सटकते, साध्या बारवर लगेच चावते. पिना इएन-१९ किंवा इएन-२४ मध्ये करून, हार्ड करून, ग्राइंड करून घ्यायच्या. त्यात पैसे वाचवू नयेत.

जुना निरीक्षक

उचलयंत्रं तपासण्यात नोकरी गेली, आता निवृत्त आहे. तीन गोष्टी सांगतो.

मुख्य रिलीफ व्हॉल्व्हच्या (तेलाचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या) स्क्रूवरचं सील बघा. ते तुटलेलं असेल तर आधीच्या मालकानं दाब वाढवून पाटीपेक्षा जास्त वजन उचललंय असं धरून चाला. १२५ मिलिमीटर बोअरचा सिलिंडर २५० बारला सुमारे ३१ टनांचा रेटा देतो. स्क्रू थोडा पिळून ३०० बार केला की तोच सिलिंडर साडेसदतीस टनांनी ढकलतो. चालवणाऱ्याला वाटतं क्रेनची ताकद वाढली. प्रत्यक्षात वाढलेला सगळा ताण बूमच्या वेल्डवर येतो, आणि तो प्रत्येक उचलीला येतो.

वेल्ड केलेली पट्टी दिसली तर ती क्रेन घेऊ नका. या बूमचं पोलाद साधं नसतं, उच्च ताकदीचं असतं. त्यावर कुणी ६०१३ ची साधी वेल्डिंग रॉड घेऊन आडवी पट्टी मारली की वेल्डच्या कडेचा भाग ठिसूळ होतो आणि पुढचा तडा त्या पट्टीच्या कडेपासूनच सुरू होतो. योग्य दुरुस्ती होत नाही असं नाही. त्यासाठी कंपनीची वेल्डिंग पद्धत, कमी हायड्रोजनच्या भाजून घेतलेल्या रॉड आणि आधी तापवणं हे सगळं लागतं. जुनी क्रेन विकणारा हे करत नाही.

तिसरं, लोड चार्टची पाटी. तुमच्या पाटीवरचे आकडे गुणून बघा. ४ मीटरला ९.६ टन-मीटर येतात, ८ मीटरला ८.८. कमी होतात कारण लांब गेल्यावर बूमचं स्वतःचं वजनही सिलिंडरलाच पेलायचं असतं. तेव्हा '१० टन-मीटर म्हणजे १० मीटरला १ टन' हा हिशोब साइटवर कुणी मांडला तर तिथंच थांबवा. पाटी नसलेली क्रेन मी तपासणीला घेतच नसे.

ग्रॅनाइटवाली

मी नाशिकला फरशी-ग्रॅनाइटचं यार्ड चालवते, आमच्याकडेही हाच विचार चाललाय म्हणून धागा धरून ठेवते. एक प्रश्न. चालवून बघताना बूम हळूहळू खाली बसत असेल तर ते किती गंभीर? आम्हाला दाखवलेली एक क्रेन चहा होईपर्यंत चांगली वीतभर खाली आली होती. विकणारा म्हणाला सील किट टाकलं की झालं.

सीलकिट

ताई, वीतभर म्हणजे तिचा भार कुणीच धरत नव्हतं. पण ते सीलच असेल असं नाही. प्रत्येक मुख्य सिलिंडरवर लोड होल्डिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो. होज फुटला तरी बूम जागच्या जागी अडकून राहावी, यासाठी तो असतो. तो कचऱ्यानं उघडा राहिला तरी बूम बसते.

आधी माप घ्यायचं. भार उचलून बूम आडवी ठेवा, इंजिन बंद करा, ग्लँडला (सिलिंडरच्या तोंडाला) लागून रॉडवर मार्करनं रेघ मारा आणि दहा मिनिटं बघा. रेघ सरकली तर दोषी कोण ते असं शोधायचं. भार उतरवा. बूम रिकामी ठेवा आणि तिच्याखाली लाकडी स्लीपरचा भक्कम टेकू लावा, मध्ये बोटभर जागा सोडून. इंजिन बंद असताना लिव्हर हलवून लाइनमधला दाब काढा आणि रॉडच्या बाजूचा होज अगदी सावकाश सैल करा. भार खालून पेललेला असतो, म्हणून रॉडच्या बाजूला दाब नसायला हवा. तिथून तेल वाहत राहिलं आणि बूम टेकूवर बसत गेली तर पिस्टनचं सील गेलंय. तोंड कोरडं आहे आणि बूम तरीही बसतेय, तर व्हॉल्व्ह सोडतोय.

जुना निरीक्षक

याला जोडून: हे करताना बूमखाली किंवा दोन बूमच्या सांध्यात कुणाचा हातसुद्धा नको. आणि बूम बसते म्हणून होल्डिंग व्हॉल्व्हचा स्क्रू पिळणारे मेकॅनिक असतात, त्यांना तसं करू देऊ नका. तो काढून धुवायचा, सीट खराब असेल तर काट्रिज बदलायचं.

मस्कतकर

गेली बरीच वर्षं आखातात यंत्रदेखभालीत आहे. इथं तपासणीचं स्टिकर नसेल तर क्रेन साइटच्या गेटातून आत येत नाही, त्यामुळे जुन्या लोडर क्रेन उघडून परत उभ्या करणं हे नेहमीचंच काम.

होजबद्दल कुणी लिहिलं नाही. होजच्या अंगावर बनवल्याची तारीख छापलेली असते. वरून काळा आणि मऊ दिसला तरी उन्हात पडलेला जुना होज सगळा बदलायचा. फिटिंग जुळवताना युरोपीय क्रेनवर मेट्रिक आटे, आपल्या बाजारात बीएसपी (इंची आटे), हा घोळ होतो. एक-दोन आटे बसले म्हणजे जुळलं असं नव्हे. पिच गेज लावून मगच ऑर्डर द्या.

आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकानं आपल्या पोरांना सांगा: होजमधून बारीक फवारा येत असेल तर कुठून येतोय ते बोटानं चाचपायचं नाही. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायचं. त्या दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत आतून हात सडायला लागतो. असं झालं तर मलमपट्टी करून घरी जायचं नाही. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं आणि 'दाबाचं तेल आत गेलंय' हे स्पष्ट सांगायचं. आमच्या इथल्या एका तरुण मेकॅनिकची दोन बोटं यात गेली. जखम अगदीच किरकोळ दिसत होती, म्हणून उशीर झाला.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्हीकडे डबे घेऊन जाऊन आलो.

कळंबोलीच्या क्रेनवर पहिल्या बूमच्या खाली, सांध्यापासून हातभर अलीकडे, रंगाखाली साधारण सहा मिलिमीटरची पट्टी वेल्ड केलेली निघाली. पांढरा फवारा मारल्यावर पट्टीच्या कोपऱ्यातून लाल रेघ बाहेर आली. विकणाऱ्यालाही ते माहीत नसावं, तो स्वतः वाकून बराच वेळ बघत होता. तो विषय तिथंच संपला.

इचलकरंजीची घेतली. बूम, कॉलम, जॅकचा आडवा बीम, सगळीकडे डाय मारली, एकही रेघ नाही. रिलीफचं सील शाबूत. बेसमधून आधी पाणीच आलं, मग पांढरट तेल. कण मात्र नाहीत. उद्यमनगरी यांच्याकडे बेस उघडला. पिनियनचे दात इतके चांगले होते की आम्ही दोघं खूश झालो. अडकलेल्या जॅकचा रॉड बाहेर काढला तर जिथं वायपर टेकून बसतो नेमक्या तिथं गंजाचे खड्डे आणि आत तपकिरी पाणी.

उद्यमनगरी

हो, बेस खरंच चांगला आहे. जॅकच्या नळीला होनिंग (आतून दगडानं घासणं) पुरलं. रॉडचं जुनं क्रोम काढून, घासून, पुन्हा हार्ड क्रोम करून मापावर ग्राइंड करायला दिलाय. मुख्य रॉड व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला, सरळ आहे. बूम सरकते त्या नायलॉनच्या पट्ट्या मात्र झिजून पातळ झाल्यात. कास्ट नायलॉनच्या शीटमधून नव्या मिल करतो. त्या पट्ट्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मग एक्स्टेन्शन आतून लोखंडावर लोखंड घासत राहतं.

सीलकिट

उत्तम. आता तेल भरताना घाई नको. टाकी उघडून आतून फडक्यानं पुसा, चिंध्यांचे धागे राहता कामा नयेत. डिझेलनं धुतलं तर ते पूर्ण निथळू द्या. रिटर्न फिल्टर नवा, दहा मायक्रॉनचा. आपल्या उन्हाळ्याला ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल ठीक. आधी रिकाम्या बूमवर सगळे सिलिंडर टोकापर्यंत सावकाश बाहेर-आत करा, म्हणजे हवा निघेल. मग काही तास हलकं काम करून फिल्टर पुन्हा बदला. दुरुस्तीत आत राहिलेला कचरा या पहिल्या तासांतच बाहेर येतो.

पंप निवडताना पीटीओचा (गिअरबॉक्समधून इंजिनाची ताकद पंपाला देणारा जोड) वेग मोजून घ्या. ४० सीसीचा पंप हजार फेऱ्यांना मिनिटाला ४० लिटर देतो, आणि २५० बारला त्याला साधारण १७ किलोवॅट लागतात. तुमच्या इंजिनाला हे काहीच नाही. मोठा पंप लावून वेग वाढवायच्या फंदात पडू नका, तेल तापेल आणि बूम झटके देईल.

ग्रॅनाइटवाली

ट्रकवर बसवताना चेसिसला वेल्डिंग करतात का? आमचा फॅब्रिकेटर म्हणतोय थेट वेल्ड करू, बोल्ट सैल होतात.

उद्यमनगरी

ताई, चेसिसच्या वरच्या-खालच्या फ्लँजला वेल्ड नको आणि भोकही नको. चेसिस तिथंच तुटते. ट्रक कंपनीचं बॉडी बांधणीचं पुस्तक असतं, त्यात नेमकं दिलेलं असतं. आधी चेसिसवर पूर्ण लांबीची सब-फ्रेम, तिचं पुढचं टोक तिरकं कापलेलं, म्हणजे ताण एकाच जागी साठत नाही. सब-फ्रेम आणि चेसिसच्या उभ्या वेबला शिअर प्लेट (दोन्ही जोडणारी पट्टी), उच्च ताकदीच्या बोल्टांनी. क्रेन त्या सब-फ्रेमवर. आणि पुढच्या एक्सलवर किती वजन येतं ते बसवण्याआधी हिशोबात धरा, या आकाराची क्रेन एकटीच टनाच्या वर जाते. बसवून झाल्यावर काट्यावर पुढची चाकं वेगळी मोजा.

मस्कतकर

थोडं अवांतर, पण या यंत्राच्या मुळाशी जाणारं. स्वीडनमध्ये हुडिकस्वालला एरिक सुंदिन नावाचे स्की बनवणारे कारखानदार होते. ट्रकच्या इंजिनाची ताकद वापरून ट्रकच आपला माल उचलेल, ही त्यांची कल्पना. १९४४ मध्ये त्यांनी हायब या क्रेन कंपनीची सुरुवात केली. आज तुम्ही पीटीओला पंप जोडताय, ती मांडणी तीच आहे. इतकी वर्षं टिकली याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

जुना निरीक्षक

आता कागदपत्रं. ट्रकवर क्रेन बसवणं म्हणजे वाहनात बदल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो. कारखान्याच्या आवारात काम करणार असाल, तुमच्याकडे साखर कारखाने आहेतच, तर कारखाने अधिनियम १९४८, कलम २९ प्रमाणे (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) उचलयंत्राची दर १२ महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी लागत असे. साखळी, स्लिंग, शॅकल यांचीही. बाहेरच्या कामासाठीसुद्धा हाच नेम ठेवा.

लोडर क्रेनच्या युरोपीय मानकात, ईएन १२९९९ मध्ये, स्थिर चाचणी पाटीच्या २५ टक्के जास्त वजनानं आणि हलवून चाचणी १० टक्के जास्त वजनानं होते. ती तपासनीसासमोरच करायची, आधी आपण करून बघायची नाही.

आणि तुमच्या कामातली सगळ्यात मोठी जोखीम क्रेनमध्ये नाहीच, ती वर आहे. ११ केव्हीची तार. बूम तारेला लागली की अख्खा ट्रक जिवंत होतो, आणि जमिनीवर उभा राहून लिव्हर धरलेला माणूस हा तारेपासून मातीपर्यंतचा सगळ्यात सोपा रस्ता बनतो. लाइन बंद आहे असं फोनवर कुणी सांगितलं म्हणून बूम उघडू नका. परमिट हातात, दोन्ही बाजूंना अर्थिंगच्या काठ्या लावलेल्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या, मगच पीटीओ टाका. जमलं तर रेडिओ रिमोट बसवा, म्हणजे माणूस ट्रकपासून लांब उभा राहील. या एका गोष्टीला मी खर्च म्हणत नाही.

कृष्णाकाठचा

काका, रिमोटचं तुमच्यामुळेच ठरलं. बँक व्हॉल्व्हवर बसणारं किट मिळालंय.

तपासणी झाली. काट्यावर वजन केलेले काँक्रीटचे ठोकळे वापरले. दहा मिनिटांत रॉडवरची रेघ जेमतेम दोन मिलिमीटर सरकली. तपासनीसांनी ते मान्य केलं आणि प्रमाणपत्र दिलं. आरसीचीही नोंद झाली. पहिलं काम एका डीपीचं केलं, १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर त्याचं तेलासकट वजन वाचून मगच उचलला.

एक अडचण आहे. आमच्याकडं काळी जमीन. पाऊस झाला की जॅकचा पाय आत रुततो. काय वापरता?

मस्कतकर

पायाखाली फळी. साधा हिशोब आहे. जॅकवर ६ टन आले आणि पाय २० बाय २० सेंटिमीटरचा असेल तर मातीवर दर चौरस सेंटिमीटरला १५ किलो दाब येतो. ६० बाय ६० ची जाड फळी टाकली की तोच दाब पावणेदोन किलोच्याही आत येतो. फळी वाकणारी नको. प्लायवूडचे दोन थर आडवे-उभे बोल्टनं आवळून करा किंवा रेल्वे स्लीपरचे तुकडे जोडून. वाळूत आम्ही हेच करतो.

जुना निरीक्षक

ओल्या काळ्या मातीत ६० बाय ६० सुद्धा कमी पडू शकते. मोठी घ्या. पूर्ण भार घेण्याआधी ट्रान्सफॉर्मर वीतभर उचलून दोन मिनिटं थांबा आणि जॅकच्या पायाकडे बघत राहा. रुतत असेल तर खाली ठेवा आणि ट्रक हलवा. दोन्ही जॅक पूर्ण बाहेर काढल्याशिवाय बूम फिरवायची नाही, रस्ता अरुंद असला तरी. आणि केबिनवरून पुढं भार न्यायचा नाही, तुमच्या चार्टमध्ये पुढच्या बाजूची वेगळी परवानगी नसेल तर.

कृष्णाकाठचा

चार्टमध्ये पुढची बाजू वगळलेलीच आहे, चालकाला दाखवून ठेवली. ९० बाय ९० च्या फळ्या करायला टाकल्यात, दोन्ही बाजूंना दोराची कडी लावून, म्हणजे ट्रकच्या बाजूला टांगता येतील.

ग्रॅनाइटवाली

दादा, सब-फ्रेमचं ड्रॉइंग आणि शिअर प्लेटचे फोटो इथं टाकाल का? आमच्या फॅब्रिकेटरला दाखवायचेत. वेल्डिंगचं मी आजच थांबवलं.

उद्यमनगरी

ड्रॉइंग माझ्याकडे आहे, मी टाकतो. पण ताई, ते या ट्रकच्या व्हीलबेससाठी आहे. तुमच्या ट्रकचं मॉडेल आणि क्रेनचं वजन कळवा, मापं बदलावी लागतील.